वेदनेच्या ऑर्डरी घेणं बंद

मागच्या महिन्यात एका नामांकित मासिकाच्या संपादकांनी माझी कविता परत केली. त्याचं काही नाही. कविता परत येतात, पगार वेळेवर येत नाही, दोन्हीची सवय झालीय. पण या वेळी सोबत सल्ला होता. कवितेत ट्विस्टलॉक होता, उपग्रह होता, मायक्रोसेकंद होता. गृहस्थ फोनवर म्हणाले, "अहो, तुमच्याकडे अनुभवाचं धन आहे. गोदीतला घाम, वस्तीतलं दुःख, आईचे भेगाळलेले हात. ते लिहा. हे विज्ञानबिज्ञान तुमच्या कवितेत उपरं वाटतं."

उपरं! पाळीच्या पाळी मी ट्विस्टलॉकशी झटतो आणि तो माझ्याच कवितेत उपरा. यांच्या कवितेत रोज पहाटे पारिजातक पडतो, तो कसा उपरा नाही? शेवटचं फूल कधी वेचलं म्हणून मी कधी विचारलं नाही.

दोस्तहो, ही जुनीच वाटणी आहे. ज्ञान त्यांचं, वेदना आपली. आपण सोसायचं, ते समजून घेणार. आपण रडायचं, ते प्रस्तावना लिहिणार. पूर्वी ज्ञान ऐकलं तर कानात शिसं ओतायचे, आता सल्ला ओततात. आणि आपल्यातले काही शहाणे या ऑर्डरी घेऊन बसलेत! अमुक ओळी वेदना, तमुक ओळी आक्रोश, दिवाळी अंकाआधी डिलिव्हरी.

माझा आजा मुंबईच्या गोदीत हुकावर होता. हातात लोखंडी हुक, पाठीवर गोणी. तांदूळ, खजूर, कापसाच्या गाठी. मेला तेव्हाही खांद्यावर लिंबाएवढी गाठ होती. १९५६ साल आमच्या घरात सणासारखं सांगतात. १४ ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी धम्म घेतला, माणसं माणसात आली. त्याच साली आणखी एक गोष्ट घडली, ती मात्र आम्हाला कुणी सांगितली नाही. २६ एप्रिलला अमेरिकेत नेवार्कहून ह्यूस्टनकडे आयडियल-एक्स नावाचं एक जुनं तेलवाहू जहाज ५८ पेट्या लादून निघालं. पेट्यांची कल्पना माल्कम मॅक्लीन या माणसाची. तो जहाजवाला नव्हता, ट्रकवाला होता. सुटा माल चढवायला टनामागं पाच डॉलरच्या वर खर्च यायचा, तो सोळा सेंटांच्या आसपास आला. त्या दिवशी आजाच्या टोळीचा निकाल लागला होता. आजा इकडं हुक परजत होता, त्याला पत्ताच नाही.

पुढं १९८९ साली न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं. त्याच उरण तालुक्यात १९८४ साली जमिनीच्या भावासाठी लढणारी पाच माणसं गोळीबारात मेली, हेही लिहून ठेवतो. आज मी तिथं ठेकेदाराकडं लॅशिंगला आहे. यंत्रानं आजाची टोळी खाल्ली हे मी विसरत नाही. पण त्याच यंत्रानं हुकही खाल्ला. माझ्या खांद्यावर गाठ नाही. या दोन्ही गोष्टी एकाच कवितेत मावल्या पाहिजेत. मावत नसतील तर कविता फाडा, नवी बांधा.

ट्विस्टलॉक म्हणजे काय? मुठीपेक्षा थोडा मोठा लोखंडाचा तुकडा. डब्याच्या कोपऱ्यातल्या लांबट भोकात त्याचं डोकं घालायचं आणि काटकोनात फिरवायचं. बसला. डब्याला आठ कोपरे, आठही एका मापाचे. शांघायचा डबा असो, हॅम्बुर्गचा असो, भोकाचं माप तेच. आत अत्तर आहे की कातडं, मालक कोण, हे कोपरा विचारत नाही. जगातल्या देशांनी बसून एक माप ठरवलं आणि जग त्या मापावर चालू लागलं. हे कळलं त्या रात्री मी झोपलो नाही. माणसं ठरवून एक माप मान्य करू शकतात! मग आपल्या गावात पाणवठ्याचं माप दोन का?

आता घड्याळाचं ऐका. मोठ्या यार्डांत कुठला डबा कुठं ठेवलाय हे क्रेनला उपग्रहावरून कळतं. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर वर आहेत आणि प्रत्येकात अणुघड्याळ आहे. दहावीला विज्ञानात मी काठावर पास. पण रात्रपाळीत जहाज उशिरा लागलं की मोबाईलवर बघत बसायचो. एकदा कळलं, वरचं घड्याळ आणि खालचं घड्याळ सारखं चालत नाही. उपग्रह वेगात फिरतो म्हणून त्याचं घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागं पडतं. पण तिथं पृथ्वीची ओढ कमी, म्हणून ४५ पुढं जातं. हिशेब केला तर ३८ पुढं. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. एवढंसं? पण हे दुरुस्त केलं नाही तर दिवसभरात जागा दहा किलोमीटरनं चुकेल. आइन्स्टाइननं हे गणित मांडलं तेव्हा उपग्रह नव्हते.

ओढ जास्त तिथं काळ हळू चालतो. मी डेकवर उभा होतो, लॅशिंगचा रॉड हातात, आणि अंगावर काटा आला. लगेच लिहावंसं वाटलं, खालच्यांचं घड्याळ मागं पडतं! मग स्वतःलाच शिवी घातली. साल्या, ही स्वस्त उपमा आहे. पृथ्वीची ओढ जात विचारत नाही. आधी गणित नीट समजून घे, मग लिही. चार महिने लागले. अपूर्णांकापासून पुन्हा सुरुवात केली, मुकादमाच्या पोराचं आठवीचं पुस्तक मागून आणलं. कविता झाली तेव्हा मी पहिल्यासारखा राहिलो नव्हतो. तीच कविता संपादकांनी परत केली.

बाहेरच्यांचं झालं, आता आपलं. आपल्याच बैठकीत एक साथी म्हणाला, "यंत्रावर कविता म्हणजे भांडवलदाराची आरती." अरे बाबा, आरती करायला देवाच्या आत काय आहे हे माहीत नसावं लागतं. मी खोलून बघतो. बाबासाहेबांनी १९४५ च्या ग्रंथात गांधीवादाच्या यंत्रविरोधाची चिरफाड केली आहे. माणसाला जनावराच्या जगण्यातून सोडवायला यंत्र लागतं, मोकळा वेळ मिळाल्याशिवाय संस्कृती नाही, आणि दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा, असं त्यांचं म्हणणं. मोकळा वेळ! कवीला हे वेगळं सांगायला हवं का? आणि आपलं लिहिणं तरी कशावर उभं राहिलं? मराठीत १९५४ साली 'शब्द' निघालं ते सायक्लोस्टाईलवर. प्रस्थापितांची परवानगी न घेता शाई लागली ती त्या यंत्रामुळं. पुढं कॅसेट आली आणि भीमगीतं ज्या घरात पुस्तक नव्हतं त्या घरात वाजली. तेव्हा कुणी म्हणालं नाही, कॅसेट भांडवलदाराची आहे, गाणं बंद करा.

चंद्रावर यान आणि गटारात माणूस ही कविता आपण शंभरदा लिहिली. २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरला त्या रात्री मी तीन वाचल्या, चौथी माझी होती. तुलना खरी आहे. २०१३ चा कायदा असूनही माणसं गटारात मरतात. पण आता ती लिहिताना आपलं डोकं चालत नाही, फक्त हात चालतो. केरळमधल्या तरुण इंजिनिअरांनी बँडिकूट नावाचं यंत्र केलं, २०१८ साली ते तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागलं. मॅनहोलमधून ते खाली उतरतं, त्याला कॅमेरा आहे, हात आहेत, आणि माणूस वर उभा राहून पडद्याकडं बघत ते चालवतो. आधी स्वतः उतरणाऱ्या काहींना ते चालवायला शिकवलं. आपल्या किती कवींना त्याचं नाव ठाऊक आहे? मेलेल्यावर शोककविता हवीच. पण माझ्या वॉर्डात ते यंत्र का नाही, आहे तर गोदामात का पडलंय, हे विचारायला ते आहे हे आधी माहीत लागतं.

मी भाबडा नाही. माझंही काम जाणार आहे. रॉटरडॅमच्या बंदरात १९९३ पासून बिनड्रायव्हरच्या गाड्या डबे वाहतात. केरळात विझिंजमला २०२४ साली जहाजं लागू लागली, तिथल्या यार्डाच्या क्रेन बाया कंट्रोल रूममध्ये बसून चालवतात. त्यातल्या काही तिथल्याच मच्छीमारांच्या घरातल्या. मी हेवा करतो, आणि शिकतो. काम गेल्यावर मी पुतळ्यासारखा उभा राहायचो की त्या खोलीचं दार ठोठवायचो?

एका रात्री एआयला, म्हणजे त्या लिहिणाऱ्या यंत्राला, मोबाईलवर सांगितलं, गोदी कामगारावर मराठी कविता लिही. चहा निवायच्या आत आली. घामाचे मोती, राबणारे हात, लाटांची गाज, उद्याची पहाट. च्यायला, संपादकसाहेबांनी लगेच छापली असती! मग ते कसं चालतं ते वाचलं. ढीगभर लिहिलेलं वाचून, मागच्या शब्दांवरून पुढचा कुठला येण्याची शक्यता जास्त याचा अंदाज बांधायचा आणि लावायचा. मला हे यंत्र ओळखीचं वाटलं. आडनाव ऐकून पुढचा शब्द ठरवणारी माणसं मी पहिलीपासून बघतोय.

त्याचा दोष अर्धा. वाचायला मिळालेल्या ढिगात आपण किती? आपली अनियतकालिकं कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या ट्रंकेत वाळवी खातेय. आणि जे आपण लिहिलंच नाही, ते कुठलं यंत्र शिकणार?

म्हणून रविवारच्या बैठकीला कविता घेऊन येऊ नका. ज्याच्याकडं जुने अंक असतील त्यानं ते आणावेत, मोबाईलवर फोटो काढून टाइप करायला बसू. आणि प्रत्येकानं एक यंत्र आणावं, मोडकं चालेल. मी रात्रपाळी सुटली की थेट येतो, माझा पाण्यात पडलेला फोन घेऊन. बारीक स्क्रू ड्रायव्हर माझ्याकडं नाही, कुणीतरी आणा.