डाळिंबाचं वाळलेलं लाकूड बागेबाहेर नेऊ नका!

धाराशिव जिल्ह्यातील डाळिंब बागायतदार, लाकूड व्यापारी, वीटभट्टीचालक आणि टेम्पो-ट्रॅक्टर मालकांना कळकळीचं आवाहन



सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याच्या माळरानावर डाळिंबानं अनेकांचे संसार उभे केले. त्याच सांगोल्यात मर रोग आणि पिन होल बोरर यांच्यापायी उभ्या बागा उपटून टाकायची वेळ आली. परंडा आणि तुळजापूर तालुक्यांना तर सोलापूर जिल्ह्याची शीव लागूनच आहे.

पिन होल बोरर हा भुंगेरा जेमतेम दोन मिलिमीटरचा. मादी खोडाला टाचणीएवढं छिद्र पाडून आत शिरते, बोगदे करते आणि सोबत आणलेली बुरशी तिथं वाढवते. अळ्या त्या बुरशीवर पोसतात. रसवाहिन्या निकामी होऊन पानं पिवळी पडतात, झाड वाळतं. झाड तोडलं तरी कीड मरत नाही. लाकडात ओल आहे तोवर तिची पैदास चालूच राहते. सरपणाच्या ट्रॉलीतून ती गावोगाव पोहोचते.

अमेरिकेत डेट्रॉईटजवळ २००२ मध्ये अ‍ॅश वृक्ष पोखरणारा हिरवा भुंगेरा सापडला. लाकूड वाहतुकीवर निर्बंध आले, तरी सरपणातून तो राज्याराज्यांत गेला आणि कोट्यवधी झाडं मेली. शेवटी २०२१ मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं ते निर्बंधच उठवले, कारण त्यांनी कीड थांबत नव्हती. आपण वेळेत सावध होऊ या.

आजपासून एवढं करा:

• खोड आणि जाड फांद्या दर आठवड्याला तपासा. बारीक छिद्रं, बुडाशी लाकडाचा भुसा दिसला की लगेच सहायक कृषी अधिकाऱ्याला कळवा.
• वाळलेलं झाड मुळासकट काढून बागेतच जाळा. बांधावर ढीग रचू नका.
• हे लाकूड विकू नका, फुकटही देऊ नका. व्यापारी आणि भट्टीचालकांनी ते घेऊ नये. वाहनमालकांनी भाडं नाकारावं.
• रोपं खात्रीच्या, निरोगी बागेतूनच आणा.
• पाण्याचा अतिरेक आणि अति ताण, दोन्ही टाळा. दुबळ्या झाडावर कीड आधी येते.
• औषध आणि खोडाचा लेप सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या शिफारशीनुसारच वापरा. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्राचाही सल्ला घ्या.

एकट्यानं बाग राखून भागणार नाही. शेजाऱ्याच्या बांधावरचा ढीगही तितकाच घातक आहे. प्रत्येक ग्रामसभेत हा विषय घ्या आणि किडलेलं लाकूड गावाबाहेर जाणार नाही, गावात येणार नाही, असा ठराव करा.