हार घालायला सोप्या बायका

ग्रीनहॅम कॉमनला अण्वस्त्रांविरुद्ध ठाण मांडलेल्या बायकांचं हल्ली कुणीही कौतुक करतं, म्हणून मला त्या कौतुकाचाच संशय येतो. त्या चिखलात प्लॅस्टिक पांघरून झोपत होत्या तेव्हा इंग्लंडातल्या वर्तमानपत्रांच्या लेखी त्यांच्या अंगाला वास येत होता, त्या पोरंबाळं टाकून आलेल्या होत्या, समलिंगी होत्या, रशियाच्या हस्तक होत्या. आता त्या आज्या झाल्या. आज्यांना शाल-श्रीफळ द्यायला कुणाच्या बापाचं काय जातं?

नाटोनं 1979 साली ठरवलं की अमेरिकेची अण्वस्त्रवाहू क्रूझ क्षेपणास्त्रं युरोपात आणायची. त्यातली 96 न्यूबरीजवळच्या ग्रीनहॅम कॉमन या हवाई तळाच्या वाट्याला आली. ऑगस्ट 1981 मध्ये कार्डिफहून जेमतेम चाळीस माणसं, बहुतेक बायकाच, चालत या तळाकडे निघाली. मागणी काय, तर सरकारनं टीव्हीवर आमच्याशी चर्चा करावी. सरकारनं ढुंकूनही पाहिलं नाही. मग त्या तिथंच राहिल्या, आणि बायकांची छावणी 2000 सालापर्यंत टिकली. त्या एका चर्चेत सरकारचा किती वेळ गेला असता, याचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा होता.

बीबन किड्रन आणि अमांडा रिचर्डसन या चित्रपटाच्या विद्यार्थिनी कॅमेरा घेऊन छावणीत राहिल्या आणि 1983 मध्ये त्यांचा ‘कॅरी ग्रीनहॅम होम’ हा माहितीपट आला. त्यातल्या बायकांना हार घालणं अवघड आहे. त्या हसतात, गातात, भांडतात, पोलिसांची टर उडवतात. तळाच्या फाटकाला त्या बाहेरून कुलूप घालतात आणि आतल्या जवानांना ते काही तुटत नाही. अण्वस्त्रं सांभाळायला निघालेलं सैन्य एका कुलपापुढं हतबल! शेवटी धक्के मारमारून फाटकच आडवं करावं लागतं. हे पाहून हसू येतं आणि लगेच घामही फुटतो.

डिसेंबर 1982 मध्ये सुमारे 30,000 बायकांनी हातात हात घालून 14 किलोमीटरचं कुंपण वेढलं. तो फोटो सगळ्यांना आवडतो. पुढच्या 1 जानेवारीला 44 जणी शिड्या लावून आत उतरल्या आणि क्षेपणास्त्रांसाठी बांधल्या जाणाऱ्या कोठारांवर नाचल्या, ते मात्र आवडलं नाही. न्यायालयानं सांगितलं, शांतता राखू असं लिहून द्या. बहुतेकींनी सही न करता तुरुंग पत्करला. त्याच वर्षी संरक्षणमंत्री मायकेल हेझेल्टाइन यांनी संसदेत सांगून टाकलं की कोठारांजवळ घुसणाऱ्यांवर गोळी झाडली जाऊ शकते. आणि गंमत पुढंच आहे. तळाच्या ज्या पोटनियमांखाली बायकांना दोषी ठरवलं जात होतं, ते पोटनियमच 1990 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं बेकायदा ठरवले. ती जमीन गावाची सामाईक, तिथल्या लोकांचे हक्क असे तुडवता येत नव्हते.

क्षेपणास्त्रं या बायकांनीच हलवली, असं मी म्हणणार नाही. रेगन आणि गोर्बाचेव्ह यांनी 1987 मध्ये करार केला आणि 1991 पर्यंत ती गेली. पण करारावर सही करणाऱ्यांची नावं पाठ्यपुस्तकात येतात आणि वर्षानुवर्षं चिखल तुडवणाऱ्यांच्या वाट्याला माहितीपट येतो, ही वाटणी कुणी केली? बरं, तो करारही 2019 मध्ये मेला.

2021 मध्ये कार्डिफहून निघालेल्या त्या पदयात्रेला चाळीस वर्षं झाली म्हणून गौरवसोहळे झाले. ‘मदर्स ऑफ द रिव्होल्यूशन’ हा नवा माहितीपटही आला, निवेदन ग्लेंडा जॅक्सन यांचं. बायकांनी स्वतःच मुलांच्या भवितव्याचा दाखला दिला होता हे खरं, पण त्यांच्यात आई नसलेल्या आणि व्हायचंही नसलेल्या कितीतरी होत्या. आई म्हटलं की बाईचा राग पोटच्या मायेत जमा करून टाकता येतो. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारनं आपल्या अण्वस्त्रांची कमाल मर्यादा वाढवून 260 केली. ग्रीनहॅमपासून मोटारीनं थोड्याच अंतरावर असलेल्या आल्डरमॅस्टनला बॉम्बचं काम आजही चालतं. क्षेपणास्त्रांची कोठारं तेवढी संरक्षित स्मारक झाली, आणि ‘स्टार वॉर्स’वाल्यांनी तिथं चित्रीकरणही उरकलं.

आपण तरी कुठं वेगळे आहोत? परक्या बॉम्बविरुद्धच्या परक्या बायकांना टाळ्या वाजवताना आपला हात दुखत नाही. 1998 मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर पेढे वाटले गेले. मुंबईच्या आनंद पटवर्धनांनी त्यावर ‘जंग और अमन’ हा माहितीपट केला, तर सेन्सॉर बोर्डानं कात्री पुढं केली. अखेर मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालामुळं तो न कापता दाखवता आला. पण न्यायालय फार तर चित्रपट दाखवू देतं, पाहायला माणसं पाठवत नाही. ग्रीनहॅमच्या बायकांसाठी उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांना मी एवढंच विचारेन, हा पाहिलात का?