जेवणवेळचे जलद इन्सुलिन तालुक्यापर्यंत कधी?

देगलूर : मधुमेह हा शहरातील सुखवस्तूंचा आजार, ही समजूत केव्हाच मोडीत निघाली आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. शहरी भागात हे प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के आढळले. तेलंगण आणि कर्नाटकच्या सीमेवरील देगलूरसारख्या तालुक्यांत म्हणूनच प्रश्न केवळ निदानाचा उरलेला नाही. इन्सुलिन घ्यावे लागणाऱ्या रुग्णाला ते कोणत्या प्रकारचे मिळते आणि ते त्याच्या दिनक्रमात बसते काय, हा खरा प्रश्न आहे.

सहा रेणूंची मोळी

निरोगी माणसाने जेवायला सुरुवात केली की काही मिनिटांतच स्वादुपिंडातून इन्सुलिन स्रवते. बाहेरून टोचलेल्या साध्या मानवी इन्सुलिनला ही चपळाई साधत नाही. त्याचे सहा-सहा रेणू जस्ताच्या आधाराने एकत्र बांधलेले असतात. ही मोळी सुटून एकेक रेणू मोकळा होईपर्यंत ते रक्तात शिरू शकत नाही. त्यामुळे परिणाम सुरू होण्यास अर्धा तास लागतो आणि तो सहा ते आठ तास रेंगाळतो.

शास्त्रज्ञांनी नेमकी ही मोळी सैल केली. अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळालेल्या लिस्प्रोमध्ये रेणूच्या साखळीतील दोन अमिनो आम्लांची अदलाबदल केली आहे. त्यानंतर आलेल्या अस्पार्टमध्ये एक आम्ल बदलले आहे. एवढ्याशा फरकाने औषध दहा-पंधरा मिनिटांत कामाला लागते, एक ते दोन तासांत त्याचा जोर सर्वाधिक होतो आणि तीन ते पाच तासांत ते ओसरते. मात्र ते फक्त जेवणानंतर चढणारी साखर आवरते. टाइप १ च्या रुग्णाला दिवसभर पुरणारे संथ इन्सुलिन याच्या जोडीला घ्यावेच लागते.

अर्ध्या तासाची किंमत

साधे इन्सुलिन जेवणापूर्वी अर्धा तास घ्यायचे असते. कार्यालयीन वेळापत्रकात हे जमते. मोंढ्यातील हमाल, शेतावरचा मजूर किंवा शाळकरी मूल यांच्या जेवणाला असे घड्याळ नसते. इंजेक्शन टोचले आणि जेवण लांबले तर साखर घसरते. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, भोवळ सुरू होते. तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घेऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, हा त्यावरचा प्रथमोपचार. जेवण लांबण्याचा धोका जलद इन्सुलिनने कमी होतो, कारण ते ताट समोर आल्यावर घेता येते. मूल किती जेवेल याची खात्री नसेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने जेवण संपताच देण्याचीही मुभा असते.

मात्र वेग दुधारी आहे. जलद इन्सुलिन घेऊन न जेवणे अधिक घातक ठरते. ज्वारीची भाकरी असो वा भात, ताटातील पिष्टमय पदार्थांच्या प्रमाणावर मात्रा ठरते. उपवासाच्या साबुदाण्यालाही यातून सूट नाही. टाइप २ च्या बहुसंख्य रुग्णांच्या सरासरी साखरेत जलद आणि साध्या इन्सुलिनमुळे पडणारा फरक थोडाच असतो. म्हणून सरसकट सर्वांना महागडे इन्सुलिन, हा उपाय नव्हे. टाइप १ ची मुले आणि वारंवार साखर घसरणारे रुग्ण यांचा अग्रक्रम त्यात असायला हवा.

उन्हाळा आणि तपासणीच्या पट्ट्या

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. वापरात असलेली कुपी साधारण २८ दिवस, तीही ३० अंशांखाली टिकते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या मराठवाड्यात फ्रीज नसलेल्या घरात हे अवघड आहे. ओल्या वाळूतील मातीच्या भांड्याने काही अंशांचा दिलासा मिळतो. फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठलेले इन्सुलिन मात्र टाकूनच द्यावे लागते. त्यात ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचा खर्च वेगळाच. तपासणीविना मात्रा ठरवणे म्हणजे अंधारात तीर मारणे.

यादीबाहेरचे औषध

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये दीर्घकाळ परिणाम करणारी सुधारित इन्सुलिने आपल्या अत्यावश्यक यादीत घेतली. भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय यादीत त्यापैकी ग्लार्जिनचा समावेश झाला. जेवणवेळेसाठी मात्र त्या यादीत साधे मानवी इन्सुलिनच राहिले. सरकारी खरेदी आणि किंमत नियंत्रण यांचा आधार ही यादीच असल्याने त्याचे परिणाम तळापर्यंत जाणवतात. दुसरीकडे, बंगळुरूच्या बायोकॉन समूहाच्या अस्पार्टला जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिली. भारतीय कंपनीचे जे औषध अमेरिकी रुग्णापर्यंत पोहोचू शकते, ते येथील तालुक्यापर्यंत पोहोचण्यात तंत्रज्ञानाची अडचण उरलेली नाही. अडचण धोरणाची आहे.

विशेषोपचारासाठी देगलूरच्या रुग्णाला नांदेडची वाट धरावी लागते. मात्रा बदलण्यासाठी दरवेळी रोज बुडवून हा प्रवास करणे मजुराला परवडणारे नाही. टाइप १ च्या मुलांसाठी जलद इन्सुलिन, नियमित पट्ट्या आणि मात्रेचे गणित शिकवणारी प्रशिक्षित परिचारिका या तिन्ही गोष्टी तालुक्यातच मिळायला हव्यात. यातील एकही वगळली, तर औषधाचा वेग कुपीतच राहील.