पडद्यामागचे डिझेल

चित्रपट पाहताना पडद्यावरचा उजेड तुम्हाला दिसतो. तो उजेड पाडण्यासाठी जळालेले डिझेल दिसत नाही. स्टुडिओबाहेर चित्रीकरण असले की थोड्या अंतरावर एक गाडी उभी असते आणि तिच्यावरचे जनित्र, म्हणजे आपण रोज म्हणतो तो जनरेटर, दिवसभर घरघरत असते. दिवे, कॅमेरे, कलावंतांच्या गाडीतील वातानुकूलन, सारे त्याच्यावर चालते. या जनित्राचे बरेचसे डिझेल निव्वळ सवयीपोटी जळते आणि ते वाचवण्यासाठी नव्या शोधाची नव्हे, तर साध्या हिशोबाची गरज आहे, असे माझे मत आहे.

आरंभी आपल्याकडे चित्रपट सूर्यावरच चालत असे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' तयार करताना दादासाहेब फाळके यांनी दिवसाच्या उजेडात चित्रण केले. पुढे विजेचे दिवे आले, रात्रीचा दिवस करता येऊ लागला. ही प्रगतीच होय. परंतु त्या काळच्या फिल्मला भरपूर प्रकाश लागे. आजच्या कॅमेऱ्यातील संवेदक अंधुक उजेडातही चित्र टिपतो. गरज घटली, जनित्राचा आकार मात्र बहुधा तोच राहिला.

आता थोडे भौतिकशास्त्र. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. चांगले जनित्र पुऱ्या भारावर त्यातून साधारण साडेतीन युनिट वीज देते. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने धुराबरोबर आणि थंड करणाऱ्या पाण्याबरोबर निघून जाते. भार कमी झाला तर? आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ असते. ती राखण्यासाठी चार ध्रुवांच्या जनित्राला मिनिटाला १५०० फेरे घ्यावेच लागतात, मग त्यावर शंभर दिवे असोत की एक. घर्षण, पंखा, पंप यांचा खर्च सुटत नाही. रिकामी एसटी धावली तरी तिला डिझेल लागतेच, तसेच हे.

उदाहरण करून पाहा. हिशोबापुरते धरू, की १०० किलोवॅटचे जनित्र नुसते फिरत राहण्यास ताशी ४ लिटर डिझेल घेते आणि त्यावर दर ४ युनिटांमागे १ लिटर जास्त. टंगस्टनचे, २००० वॅटचे दहा दिवे लावले तर भार २० किलोवॅट, डिझेल ताशी ९ लिटर. बारा तासांत १०८ लिटर. आता तेवढाच प्रकाश देणारे एलईडी दिवे लावू. त्यांना सुमारे चौथाई वीज पुरते, म्हणजे ५ किलोवॅट. डिझेलही चौथाई होईल? नाही! ते ताशी ५.२५ लिटर, दिवसाचे ६३ लिटर लागेल. दिव्यांनी केलेली बचत मोठ्या जनित्राने गिळली. तेच दिवे १० किलोवॅटच्या छोट्या जनित्रावर लावले आणि त्याचा रिकामा खर्च ताशी अर्धा लिटर धरला, तर दिवसाला २१ लिटर पुरतात. म्हणून केवळ दिवे बदलून भागत नाही. दिव्यांबरोबर जनित्रही बदलले पाहिजे.

निर्मिती-व्यवस्थापक मोठे जनित्र का मागवतात? कारण वीज गेली तर सगळ्यांचा दिवस वाया जातो. ही भीती खोटी नाही. पण क्षणिक जादा मागणीसाठी बॅटरी ठेवता येते. बॅटरी आवाज करत नाही, म्हणून ती दिव्यांजवळच ठेवता येते. आवाज टाळण्यासाठी जनित्र दूर नेऊन लांबच लांब तारांत वीज उष्णतेच्या रूपात दवडण्याचे कारण उरत नाही.

कोणी म्हणेल, "महाराष्ट्रातील वीजही मुख्यतः कोळशाचीच, मग फरक काय?" आक्षेप योग्य आहे. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे पुऱ्या भारावरील जनित्र युनिटमागे सुमारे पाऊण किलो सोडते आणि देशाच्या वीजजाळ्याचा आकडाही त्याच्या जवळपास, सुमारे ०.७ किलो आहे. परंतु वरच्या उदाहरणातील मोठे, रिकामे जनित्र युनिटमागे २.८ किलो सोडते! शिवाय तो धूर तेथेच काम करणाऱ्या दिवेवाल्यांच्या आणि स्पॉटबॉयच्या छातीत जातो. डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये जाहीर केले आहे. म्हणून जेथे वारंवार चित्रीकरण होते, अशा घाटांवर आणि किल्ल्यांच्या पायथ्याशी तात्पुरत्या वीजजोडणीची कायम सोय असावी, आणि निर्मात्याने रोज किती लिटरला किती युनिट मिळाले हे वहीत लिहावे, असे मी सुचवीन.

आपल्या वर्ध्याला हा विचार परका नाही. येथील मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहणारे जे. सी. कुमारप्पा यांनी भूगर्भातील मर्यादित साठ्यावर जगणे आणि निसर्गाच्या अखंड प्रवाहावर जगणे यांतील भेद मांडला. मगनवाडीचा 'मगनदीप' हा कंदील रॉकेलऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळत असे. उजेड कशाच्या मोलाने मिळतो, हा प्रश्न येथे फार पूर्वीच विचारला गेला आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्या गावात कुठे चित्रीकरण होते? पण लग्नाचा मांडव, गणेशोत्सव आणि तुमच्या शाळेचे स्नेहसंमेलन आहेच ना! यंदा शिक्षकांना बरोबर घेऊन सर्व दिव्यांच्या आणि ध्वनिवर्धकाच्या वॅटची बेरीज करा. जनित्राच्या पाटीवरील केव्हीएच्या आकड्याला ०.८ ने गुणा, किलोवॅट मिळतील. तारांना हात लावू नका, केवळ आकडे टिपा. बेरीज निम्म्याहूनही कमी भरली, तर तो कागद मुख्याध्यापकांपुढे ठेवा आणि पुढच्या वर्षी लहान जनित्र मागवण्याची विनंती करा.