कागद फुकट, वाट महाग

आमच्या भागातल्या एका तालुका न्यायालयाबाहेर झाडाखाली अर्जनवीस बसतात. तिथे मी एका बाईला पदराची गाठ सोडून पैसे मोजताना पाहिले. नवऱ्याने मारहाण करून तिला घराबाहेर काढले होते. त्याने पुन्हा हात उचलू नये आणि आपल्याला घरात राहू द्यावे, एवढा हुकूम तिला न्यायालयाकडून हवा होता. त्यासाठीचा अर्ज तिने विकत घेतला. तिला कोणी फसवले असेही म्हणता येणार नाही. हा कागद फुकट मिळतो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. तक्रारीचा विहित नमुना पीडित स्त्रीला विनामूल्य द्यावा आणि तिला मोफत वकील मिळेल हे पाहावे, असे कर्तव्य या कायद्याच्या नवव्या कलमाने संरक्षण अधिकाऱ्यावर टाकले आहे. नियमांना सात नमुने जोडलेले आहेत. पहिला कौटुंबिक घटना अहवालाचा, दुसरा दंडाधिकाऱ्याकडे करायच्या अर्जाचा, तिसरा तातडीच्या आदेशासाठी लागणाऱ्या शपथपत्राचा. छापील कागदच हवा, असाही हट्ट नाही. अर्ज त्या नमुन्याच्या शक्य तितका जवळ जाणारा असला तरी पुरे. बाईला वाचता येत नसेल, तर अधिकाऱ्याने तो तिला वाचून व समजावून सांगायचा आहे. तिच्या वतीने दुसरे कोणीही अर्ज देऊ शकते. ती माहेरी आश्रयाला आली असेल, तर तिथल्या न्यायालयातही तो चालतो. पहिली सुनावणी सामान्यतः तीन दिवसांत व्हावी, निकाल साठ दिवसांत लागावा, आदेशाची प्रत विनामूल्य मिळावी आणि आदेश मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड व्हावा, हे सारे लिहून ठेवलेले आहे.

कायदा बाईच्या बाजूने इतका उभा असताना ती झाडाखाली पैसे का मोजते? भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरांहून दूर आहे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की वाटच बंद होते. बाई माडिया बोलते, सिरोंच्याकडची तेलुगू बोलते, आणि कागद बोलतो कचेरीची मराठी. राहता राहिले पोलीस ठाणे. पण ठाण्याची या मुलखातली आठवण कडू आहे. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या ठाण्यात जबाब द्यायला आलेल्या एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केल्याची तक्रार झाली. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. उच्च न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांना सोडले. त्या निकालाविरुद्ध देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. कायदा बदलला म्हणून धास्ती गेली, असे मात्र होत नाही. म्हणूनच ठाण्याखेरीज दुसरे दार असणे महत्त्वाचे आहे.

कागदाची भीती हेच कारण म्हणावे, तर तेही मला पटत नाही. याच जंगलातल्या माणसांनी वनहक्काचे दावे भरले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. त्यासाठी माणसे एकत्र बसली, नकाशे काढले, पुरावे जोडले. दारूविरुद्ध इथल्या बायाच पुढे आल्या. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. जंगलाचा दावा साऱ्या गावाचा असतो आणि बाटलीविरुद्धचा मोर्चा साऱ्या बायांचा. नवऱ्याविरुद्धचा अर्ज मात्र एकटीचा ठरतो. माझ्या मते खरी अडचण इथे आहे.

मग ग्रामसभेनेच अशी प्रकरणे मिटवावीत, असे कोणी म्हणेल. मला त्याची धास्ती वाटते. मिटवणे म्हणजे बहुधा बाईला समजावून परत पाठवणे, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. निवाडा दंडाधिकाऱ्यानेच करावा. गावाने फक्त कागद जवळ ठेवावा. अंगणवाडीत, आशाताईकडे, बचत गटाच्या पेटीत दुसऱ्या व तिसऱ्या नमुन्याच्या चार-चार प्रती असाव्यात, आणि तो भरून देऊ शकणारी, बाईची बोली जाणणारी एक तरी बाई गावात असावी. सद्भावनेने संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देणाऱ्यावर कायदा कसलीही जबाबदारी येऊ देत नाही, हेही तिला ठाऊक हवे.

शासनाचे काम याने संपत नाही. महिला व बालविकास विभागातले अधिकारी जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी म्हणून नेमा, जिथे नेमले नाहीत तिथे सहा आठवड्यांत नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये राज्यांना बजावावे लागले. कायदा लागू होऊन तेव्हा अठरा वर्षे उलटली होती. आपल्या तालुक्यातला हा अधिकारी कोण आणि तो कुठे बसतो, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेले आहे का, एवढे तरी वाचकांनी जाऊन पाहावे. नसेल तर लिहायला लावावे. त्याखाली दोन क्रमांक लिहावेत : महिला मदतीसाठी १८१ आणि विधी सेवेसाठी १५१००. स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हेही लिहावे.

त्या बाईने मोजलेले पैसे फार नव्हते. पण मार खाऊन निघालेल्या बाईच्या पदराला परतीच्या एसटीपुरतेच पैसे असतात. त्यातले तिने न्यायाच्या पहिल्याच पायरीवर का मोजावेत?