रिटर्न म्हणजे उत्तर नव्हे!

मंडळी, हा वीकेंड गावी, वालूरला (ता. सेलू, जि. परभणी). आराम करायचा बेत होता, पण चुलतभाऊ लॅपटॉप घेऊन हजर. "दादा, तू दिवाळीत दिलेली स्क्रिप्ट खोटं बोलते. शेतकऱ्यांचे अर्ज ३००, आणि ही दाखवते ४४!"

बाकीचे २५६ शेतकरी गेले कुठे? आकडा ऐकला आणि चूक माझीच हे कळलं. फंक्शनच्या शेवटी मी ऐटीत 'रिटर्न' करून अर्जांची संख्या परत पाठवली होती, जशी कॉलेजात सी मध्ये पाठवायचो. बॅशमध्ये रिटर्नला जागा ० ते २५५ एवढीच. ३०० मधून २५६ वजा, उरले ४४. एरर नाही, वॉर्निंग नाही. आकडा २५५ च्या आत होता तोवर सगळं बरोबर चालत होतं, हे तर आणखी वाईट.

मग घाईत दुसरी चूक केली. फाइल कॅट करून पाइपनं व्हाइल लूपला दिली आणि आत व्हेरिएबल वाढवत नेला. उत्तर आलं शून्य! आमच्या गावात चक्राकार बारव आहे. गोल गोल पायऱ्या उतरून खाली जायचं, घागर भरायची आणि ती तिथंच ठेवून वर यायचं, असला हा प्रकार. पाइपमधला लूप बॅश सबशेलमध्ये चालवतो, त्यामुळे लूप संपला की आतली मोजणीही संपली.

भावाला आकडेही दोन हवे होते: एकूण अर्ज, आणि खातं नंबर नसलेले अर्ज. त्यासाठी दोन्ही आकडे एका ओळीत एको करायचे आणि बाहेर 'रीड'नं दोन व्हेरिएबलमध्ये झेलायचे. पण रीडला पाइप लावलात तर पुन्हा तोच सबशेल! तिथं प्रोसेस सब्स्टिट्यूशन वापरा. लूपलाही फाइल थेट रीडायरेक्ट करून द्या, कॅट कशाला? रिटर्न ठेवा फक्त 'काम झालं की फसलं' एवढं सांगायला.

आता कुणीतरी म्हणणारच, "पायथॉनमध्ये लिही ना राव!" जरूर लिहा. पण रात्रीचे बॅकअप आणि डिप्लॉयमेंट अजून शेलवरच चालतात, त्यांचं काय? आणि दोष शेलचा नाही. १९७९ च्या बोर्न शेलपासून एक्झिट स्टेटस हे यश-अपयश सांगायलाच आहे. कॉर्न शेल पाइपमधला शेवटचा भाग चालू शेलमध्येच चालवतो, बॅशनंही ४.२ मध्ये (२०११) 'लास्टपाइप' हा पर्याय दिला. मॅन्युअल आम्ही उघडत नाही, त्याला शेल काय करणार?

माझा खरा राग आहे तो "बारकी स्क्रिप्ट आहे, रिव्ह्यू कशाला?" या वाक्यावर. जावाच्या दहा ओळींना दोन रिव्ह्यूअर, आणि ज्या स्क्रिप्टच्या आकड्यावर कुणाचा तरी अर्ज पुढं जाणार, तिला कुणीच नाही! मीही हेच वाक्य शंभरदा म्हटलंय. भावानं अर्ज हातानं मोजले होते म्हणून वाचलो.

तेव्हा सोमवारी ऑफिसात गेलात की एवढं करा. आपल्या स्क्रिप्टांत 'रिटर्न' शोधा, पाइपनंतरचे व्हाइल शोधा, आणि टेस्टला ३०० ओळींची फाइल द्या. ४४ दिसले तर मला शिव्या घालू नका, मी आधीच खाल्ल्यात :)