येणे असलेली काठी

आमच्या घरात ‘गळ’ हा शब्द केवळ वाक्प्रचारापुरता चालतो. ‘गिऱ्हाईक गळाला लागले’ याचा अर्थ मी वीस वर्षे वर्गात समजावून देत आलो आहे. पण गळाला लागलेला खरा मासा काही कधी हाती धरलेला नाही. त्यामुळे गेल्या दिवाळीआधी अमेरिकेतून धाकट्या भावाचा निरोप आला, तेव्हा मी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला. “दादा, चिरंजीव एकटेच नाशकात येताहेत. त्यांना मासे धरण्याचा नाद आहे. एक चांगली गळाची काठी निवडून ठेव.” आणि खाली आणखी एक ओळ : “नाही तरी तुझ्याकडून माझी एक काठी येणे आहे. आठवते ना?”

आठवत होते. न आठवून सांगतो कोणाला? मी बारा वर्षांचा होतो, तो नऊचा. शाळा चुकवून तो सोमेश्वरच्या बाजूला गोदावरीकाठी कळकाची काठी घेऊन बसे. एक दिवस मी पाहिले आणि घरी येऊन सांगितले. वडिलांनी ती काठी गुडघ्यावर मोडली आणि बंबात घातली. खरे बोलल्याबद्दल मला एक पेढा मिळाला. भाऊ रडला नाही. आठ दिवस माझ्याशी बोलला मात्र नाही. तो पेढा मी खाल्ला होता, हे सांगायला आज या वयातही मला लाज वाटते.

तेव्हा काठी निवडणे भाग होते. प्रथम पुतण्यालाच फोनवर विचारले, “अरे, तू तिकडे धरतोस तरी कोणता मासा?”

“रिव्हर चब, काका.”

पेनसिल्व्हेनियातल्या ओढ्या‑नद्यांतला हा मासा वीतभर, फार तर फूटभर. पण त्याची करणी मोठी. विणीच्या दिवसांत नर तोंडाने एकेक खडा उचलून आणतो आणि हजारो खड्यांचा ढीग रचून घरटे करतो. दुसऱ्या जातींचे लहान मासेही त्याच ढिगात अंडी घालतात. बांधणारा एक आणि नांदणारे अनेक, असा तो वाडाच म्हणायचा! त्याच्यासाठी पाच‑सहा फुटांची हलकी, शेंड्याला लवचीक काठी आणि चारेक पौंडांचा ताण सोसणारा बारीक दोरा पुरतो. काठी जाड असली, तर मासा आमिषाला तोंड लावतो ते हाताला कळतच नाही.

हा चब काही गोदावरीत नाही. पण त्याचे गोत आहे. आपले रोहू, कटला, मृगळ आणि खडस, म्हणजे महसीर, हे सगळे दूरच्या नात्याने त्याचेच भाऊबंद. मराठीच्या मास्तराला नाते सापडले, की तो पुस्तकांकडे धावतो. तसा मीही धावलो. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ आम्ही शिकवतो तो त्यात जुन्या मराठीचे नमुने आहेत म्हणून. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या त्या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे, याकडे मी कधी ढुंकून पाहिले नव्हते. राजाने गळ टाकून मन कसे रमवावे, कोणत्या माशाला काय खाऊ घालावे, याचा तेथे विचार आहे. आठशे‑नऊशे वर्षांपूर्वी एका सोमेश्वराने ज्याला राजाचा विनोद म्हटले, त्यासाठी दुसऱ्या सोमेश्वराच्या पायथ्याशी माझ्या भावाला मार बसला होता.

पुस्तक मिटून मी गंगापूर धरणाकडच्या एका वृद्ध भोईबाबांना गाठले. धरणातली मासेमारी संस्थेच्या ठेक्याने चालते, तेव्हा विचारल्याशिवाय गळ टाकणे बरे नव्हे. मी विचारले, “बाबा, चांगली काठी कोणती?”

ते हसले. “मास्तर, मासा कोणता, पाणी केवढं आन् धरणारा हात केवढा, ते आधी सांगा. काठी मंग.”

चाळीस मिनिटांत त्यांनी मला जे शिकवले, ते माझ्या एम. ए.च्या कोणत्याच पेपरात नव्हते. कळक कोवळा नको. दोन‑तीन वर्षांचा, पक्का झालेला हवा. पेरे जवळजवळ असावीत. तोडल्यावर तो उन्हात नव्हे, सावलीत वाळवावा, नाहीतर तडकतो. बुडखा मुठीत मावेल असा आणि शेंडा बोरूसारखा. शेंडा वाकवून सोडला, की काठी सरळ व्हावी. वाकडी राहिली तर ती चुलीची. दोरा नुसता टोकाला न बांधता काठीवरून खाली मुठीपर्यंत आणावा. शेंडा मोडला तरी मासा जात नाही. बारा वर्षांच्या पोराला नऊ फूट पुष्कळ.

बाजारातल्या चक्राच्या काठ्याही मी पाहिल्या. काचतंतूची काठी मजबूत आणि धसमुसळ्या हातांना सोसणारी; कार्बनची हलकी, पण ठिसूळ, आणि विजेच्या तारांखाली तर ती उगारूच नये, कारण तिच्यातून वीज वाहते. शेवटी कळकच ठरला. मोडली होती ती कळकाची. फेडायची तीही कळकाचीच.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पाण्यावर गेलो. आमच्या आईची अट एकच : “मासा घरात आणायचा नाही.” पुतण्याने पक्कडीने गळाचा उलटा काटा दाबून टाकला, म्हणजे मासा न दुखावता सोडता येतो. कणकेच्या गोळीला दोन तास कोणी विचारले नाही. मग भोईबाबांनी गांडूळ दिले आणि तरंगणारे पीस गपकन बुडाले. काठी वाकली, पोरगा ओरडला आणि मीही ओरडलो!

मासा होता वीतभर शिंगटी. “हात नको लावू, काटा मारंल,” म्हणत बाबांनी ती नेमकी काट्यांमागे धरली. मी पुतण्याला सांगितले, की कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाने 1839 मध्ये दख्खनच्या माशांची शास्त्रीय नावे ठरवली, तेव्हा कित्येकांना इथल्या लोकांच्या तोंडचीच नावे दिली. हिचे नाव जगभरच्या ग्रंथांत अजून ‘सींगटी’च आहे. तो म्हणाला, “म्हणजे भोईबाबांचेच नाव पुस्तकात गेले?” वीस वर्षांत इतके चांगले उत्तर मला कोणत्या विद्यार्थ्याने दिले नव्हते. शिंगटी पाण्यात सोडली. ती मागे वळूनही न पाहता गेली.

नऊ फुटी काठी विमानात कोण घेणार? ती आमच्या माळ्यावरच राहिली. पुतण्याबरोबर मी पेढ्यांचा एक पुडा पाठवला. चिठ्ठी लिहिली नाही. चार दिवसांनी भावाचा फोन आला. काठीचे सगळे वर्णन त्याने दोनदा विचारून घेतले. मग थोडे थांबून म्हणाला, “दादा, पेढे पोचले.”

या दिवाळीला तो स्वतः येतो आहे. भोईबाबांना सांगून मी आणखी एक कळक सावलीत वाळत टाकला आहे. तो माझ्यासाठी.